काकडा हवा, तर शेजारती आधी

आजचं निरूपण झोपेवर आहे. हसू नका. कीर्तनात डुलक्या घेणारे पुष्कळ भेटतात, पण झोपेवर कीर्तन ऐकणारे फारसे भेटत नाहीत.

विषय का घेतला ते सांगतो. गावोगाव एक प्रश्न हमखास येतो. आरती झाली, बुक्का लावून झाला, की कोणीतरी हळूच जवळ येतो आणि म्हणतो, "महाराज, पहाटे उठायची फार इच्छा आहे हो, पण जागच येत नाही. काही उपाय सांगा." मी उलट विचारतो, "रात्री अंग कधी टाकता?" मग तो इकडं बघतो, तिकडं बघतो आणि म्हणतो, "होतात साडेअकरा-बारा." आता सांगा, बाराला निजलेल्या माणसाला चारला उठायचा उपाय मी काय देणार? अंगारा देऊ?

तुम्ही पंढरीला जाता. पांडुरंगाचे नित्योपचार तुम्हाला ठाऊक आहेत. पहाटे काकडा, नित्यपूजा, महानैवेद्य, पोशाख, धूपारती आणि रात्री शेजारती. काकड्याला गर्दी असते, काकड्याचं कौतुक असतं. पण रोजच्या क्रमात शेजारती झाल्याशिवाय दुसऱ्या दिवशीचा काकडा येत नाही. देवाला उठवायचं, तर आधी देव निजलेला पाहिजे! आपण या दोन उपचारांतला पहिला तेवढा उचलला. काकडा घरी आणायचा म्हणतो आणि शेजारती देवळातच ठेवून येतो. आपलं सगळं गणित तिथं चुकतं.

कोणी चतुर माणूस म्हणेल, महाराज, आषाढीत तर देव झोपतच नाही. खरं आहे. यात्रेच्या दिवसांत देवाचा पलंग काढतात, भाविकांना अहोरात्र दर्शन खुलं असतं. पण तेव्हा देवाच्या पाठीशी लोड ठेवतात, हे विसरलात काय? लेकरं भेटायला आलीत म्हणून माउली उभी आहे, तिला टेकायला काहीतरी हवं. आणि यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते. देवाचा शिणवटा जावा म्हणून लिंबू-साखर लावून पाय चोळतात, गरम पाण्यानं स्नान घालतात, रात्री काढा दाखवतात आणि पलंग पुन्हा जागेवर येतो. जागरणाला मुदत आहे आणि जागरणानंतर शिणवटा काढायचा उपचारही आहे. परंपरेनं देवालासुद्धा तेवढी सवड ठेवली. आपण मात्र बारा महिने आषाढी करतो, तीही मोबाइलच्या उजेडात.

आता ब्राह्ममुहूर्ताचं बघू, कारण त्याबद्दल फार गैरसमज आहे. पहाटे चार म्हणजे ब्राह्ममुहूर्त, असं लोकांनी पक्कं करून टाकलंय. अहो, मुहूर्त घड्याळाला बांधलेला नाही, तो सूर्याला बांधलेला आहे. दिवस आणि रात्र मिळून ६० घटका. एक घटका २४ मिनिटांची. दोन घटकांचा एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटं. रात्रीचे पंधरा मुहूर्त धरले तर त्यातला चौदावा तो ब्राह्ममुहूर्त. म्हणजे सूर्योदयाला चार घटका, ९६ मिनिटं, उरली की तो लागतो आणि दोन घटका उरल्या की सरतो. आता पंढरपुरात जून महिन्यात सूर्य सहाच्या आसपास उगवतो, म्हणजे ब्राह्ममुहूर्त साधारण साडेचारच्या आधी लागला. तोच जानेवारीत सूर्योदय जातो सातच्या आसपास. मग मुहूर्त जवळजवळ साडेपाचला लागतो. थंडीत चारला उठून कुडकुडत बसलेला माणूस मुहूर्ताची वाट बघत बसलेला असतो! नागपूरचा सूर्योदय आणि रत्नागिरीचा सूर्योदयही एक नाही. तेव्हा आपल्या गावचं पंचांग काढा, सूर्योदय बघा आणि ९६ मिनिटं मागं जा. बऱ्याच जणांना कळेल की आपल्याला वाटलं होतं तेवढं हे अवघड नाही.

दुसरं असं. वाग्भटाचार्यांचा 'अष्टांगहृदय' हा आयुर्वेदाचा ग्रंथ. त्यात सूत्रस्थानाचा दुसरा अध्याय दिनचर्येचा आणि त्याची सुरुवातच ब्राह्ममुहूर्तावर उठण्यापासून होते. सगळे तेवढं सांगतात. पण आचार्यांनी तिथं एक शब्द घातलाय, तो कोणी सांगत नाही. कोणी उठावं? स्वस्थानं. ज्याची प्रकृती ठीक आहे त्यानं. आजारी माणसाला, बाळंतिणीला, रात्रभर खोकून पहाटे डोळा लागलेल्या म्हाताऱ्याला हा नियम लावलेला नाही. आणि कशासाठी उठावं? आयुष्याचं रक्षण व्हावं म्हणून. झोप मोडून आयुष्य झिजवत असाल, तर वचनाचा हेतूच बुडाला की नाही?

भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी अर्जुनाला तेच सांगितलं. अति झोपणाऱ्याला योग साधत नाही, हे आपण दुसऱ्याला ऐकवतो. पण त्याच्याच जोडीला अति जागणाऱ्यालाही साधत नाही, असं भगवंत म्हणतात. झोप आणि जाग दोन्ही मापात हवीत. डॉक्टर मंडळीही आज हेच सांगतात, की मोठ्या माणसाला सात तास तरी झोप हवी. मग पाचला उठायचं तर डोळा दहाला लागला पाहिजे आणि पाठ अंथरुणाला त्याच्या थोडी आधी टेकली पाहिजे. हा हिशेब तुम्हाला मान्य नसेल, तर पुढचं ऐकून उपयोग नाही.

आता तुम्ही म्हणाल, लवकर निजायला कोणाची हरकत आहे? झोपच येत नाही त्याला काय करायचं? हा प्रश्न खरा आहे, आणि त्याचं उत्तर तुम्ही स्वतः चालून पाहिलेलं आहे.

वारी आठवा. माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरीत पोचते. या दोन-अडीच आठवड्यांत तुम्ही दिंडीत कसे झोपता? जेवण झालं, कीर्तन ऐकलं, तंबूत ताडपत्रीवर पथारी टाकली की घोरायला लागता. बाजूला भांडी वाजतात, डोक्यावर पाऊस वाजतो, काही कळत नाही. आणि पहाटे तीनला-चारला कोणी हाक न मारता उठता, टँकरखाली आंघोळ उरकता, गंध लावून तयार. घरी ज्याला सातला हलवून उठवावं लागतं, तोच हा माणूस! पंढरीहून परत आला की आठ दिवसांत पुन्हा सातवर. मग वारीत निराळं काय होतं? पांडुरंगाची कृपा होतीच, पण तिची रीतही बघा. दिवसभर पायी चाल, पुणे सोडून दिवे घाट चढून सासवड गाठलं की अंग दुखून दुखून झोप मागतं. दिवसभर डोळ्यांना उघडा उजेड. रात्री तळावर फारसे दिवे नाहीत. हातात टाळ असल्यामुळं फोन पिशवीत. आणि सभोवती सगळे त्याच वेळी निजणारे, त्याच वेळी उठणारे.

शरीरात एक घड्याळ आहे असं समजा. त्याला चावी उजेडाची. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की ते थोडं पुढं सरकतं, म्हणजे रात्री झोप लवकर येते आणि दुसऱ्या दिवशी जाग लवकर येते. रात्रीचा लख्ख उजेड पडला की उलटं होतं. रात्री अकरापर्यंत ट्यूबलाइट, टीव्ही आणि तोंडासमोर फोन, आणि सकाळी पडदे ओढलेले. मग घड्याळ मागं मागंच जाणार, त्याला अध्यात्म काय करील? चहाचंही तसंच. संध्याकाळी सहाला घेतलेल्या चहाचा जोर पाच-सहा तासांनीसुद्धा निम्मा उरतो म्हणतात. कीर्तनाला बसण्याआधी चहा, उठल्यावर चहा आणि नंतर तक्रार की झोप येत नाही!

शेजारतीत काय करतात ते नीट आठवा. देवाला कोणी 'झोप' म्हणून दटावत नाही. अंथरूण घालतात, विडा देतात, आरती होते, दार लागतं. झोप हुकमानं येत नाही, बरं का. हुकमात आहे ती फक्त तयारी. तुमच्या घरची शेजारती अशी करा. जेवण जमेल तेवढं आधी. निजण्याआधी अर्धा-पाऊण तास मोठे दिवे बंद, एखादा मिणमिणता ठेवा. फोन दुसऱ्या खोलीत. गजरासाठी लागत असेल तर दोनशे-तीनशे रुपयांचं गजराचं घड्याळ आणा. हातपाय धुवा, हरिपाठ म्हणा किंवा माळ घ्या, आणि पडा. डोळा लागला नाही तर चिडू नका, नाम घेत पडून राहा.

आणि पहाट कशी धरायची? सातला उठणारा माणूस उद्यापासून पाचला उठतो म्हणाला, की मी ओळखतो हा चार दिवसांचा पाहुणा. एकदम दोन तासांची उडी अंगाला सोसत नाही. पाव तासानं सरका. पावणेसातला उठा, चार दिवस तिथंच थांबा. मग साडेसहा, पुन्हा चार दिवस. रात्रीचं पडणंही तसंच पाव-पाव तास अलीकडं आणा. सातावरून पाचावर यायला असे आठ टप्पे, प्रत्येकी चार दिवस, म्हणजे साधारण महिना लागतो.

आता पंचांगात बघा. बहुतेक गावांत काकडा कोजागरीला सुरू होतो आणि कार्तिकी पौर्णिमेपर्यंत चालतो. कोजागरीच्या बरोबर महिनाभर आधी काय येतं? अनंत चतुर्दशी! गणपती विसर्जन करून घरी आलात, तो थकवा एक दिवस काढलात, की लागा सरकायला. मध्ये नवरात्र येईल, गोंधळ-जागर होईल, एखादा टप्पा हुकेल. हुकू दे. दुसऱ्या दिवशी उशिरापर्यंत लोळू नका, उठायची वेळ फार सोडू नका, दुपारी वीस मिनिटं वामकुक्षी घ्या आणि पुढं चला. वामकुक्षी म्हणजे डाव्या कुशीवर क्षणभर पडणं. दोन तास घोरणं म्हणजे वामकुक्षी नाही. रविवारीही तीच वेळ ठेवा. सहा दिवस साडेपाच आणि रविवारी नऊ, असं केलंत तर सोमवारी पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. आणि उठल्याबरोबर काहीतरी ठरलेलं हवं. समर्थांनी दासबोधात, अकराव्या दशकाच्या तिसऱ्या समासात, पहाटे उठून काही पाठांतर करा आणि शक्तीप्रमाणं देवाला आठवा असं सांगितलं. पाहा, तिथं घड्याळाचा आकडा नाही, काम मात्र दिलंय. आळंदीला शिकत असताना आम्ही पहाटे उठायचो ते पुण्यासाठी नव्हे. सकाळी गुरुजींना ओव्या म्हणून दाखवायच्या असत. काम असलं की जाग येते. नुसतं उठून चहाची वाट बघत बसायचं असेल, तर अंथरूण काय वाईट?

हे झालं स्वतःचं. आता घरच्यांचं सांगतो, आणि इथं जरा स्पष्ट बोलणार आहे.

श्रीमद्भागवताच्या दशमस्कंधात मुचुकुंद राजाची कथा आहे. मांधात्याचा हा पुत्र. देवांच्या बाजूनं त्यानं दीर्घकाळ राखण केली, राज्य, बायकामुलं सगळं काळानं नेलं. कार्तिकेय सेनापती झाल्यावर देव म्हणाले, राजा, मोक्ष सोडून काय हवं ते माग. त्यानं काय मागितलं? झोप! इतका दमला होता बिचारा. गुहेत जाऊन निजला. पुढं कालयवन श्रीकृष्णाचा पाठलाग करत त्या गुहेत शिरला. निजलेला माणूस दिसला, त्याला वाटलं हाच कृष्ण, झोपेचं सोंग घेतलंय, आणि हाणली लाथ. मुचुकुंदानं डोळे उघडून बघितलं मात्र, कालयवन जागच्या जागी भस्म झाला. आणि मग त्याच मुचुकुंदाला, त्याच गुहेत, भगवंताचं दर्शन झालं.

मी ही कथा सांगतो ती घरच्या कर्त्या पुरुषांसाठी. तुमच्या घरी एक मुचुकुंद आहे. रात्री सगळ्यांची जेवणं झाल्यावर ओटा पुसून, दूध विरजून, सकाळची भाजी निवडून शेवटी पाठ टेकणारी. तुम्ही दहाला निजलात, ती साडेअकराला. आता तुम्हाला ब्राह्ममुहूर्ताचं वेड लागलं, तुम्ही साडेचारला उठून घंटा बडवायला लागलात, वर आंघोळीला गरम पाणी आणि नंतर चहा हवा. म्हणजे तुमचा काकडा तिच्या झोपेतून कापून घेतला. सुनेला लोक म्हणतात, "आमच्या वेळी आम्ही चारला उठत होतो." होत्या हो, पण आठ-नऊला गाव चिडीचूप होत होतं, हे का सांगत नाही? पहाटे उठायचं असेल तर रात्री ओट्यापाशी उभे राहा. दोघांचं काम एकदम संपलं तर दोघं एकदम निजाल. पाणी आपलं आपण तापवा. नाम मनात घ्या, घंटा सूर्योदयानंतर वाजवा.

पोरांचंही तेच. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाची झोप निसर्गानंच थोडी उशिराकडं सरकलेली असते आणि त्याला झोप लागतेही आपल्यापेक्षा जास्त. त्याच्या अंगावरचं पांघरूण ओढून 'कुंभकर्ण' म्हणू नका. आणि आजोबा, तुम्ही साडेतीनला उठता यात तुमची साधना असेल, पण वयही आहे. वय वाढलं की झोप सावध होते, लवकर सरते. त्याचा अभिमान नातवाला ऐकवू नका.

एक गृहस्थ मला भेटले. कारखान्यात रात्रपाळी करतात. डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "महाराज, गावचा काकडा कधी गाठता आला नाही, माझा जन्म फुकट गेला." मी त्यांना विचारलं, सप्ताहात वीणा खाली ठेवतात का? म्हणाले, नाही, सात दिवस अखंड उभी असते. म्हटलं, आणि विणेकरी? तो तर बदलतो. पहारे लावलेले असतात. एक उभा राहतो तेव्हा दुसरा निजलेला असतो, आणि निजलेल्याचं पुण्य कमी होत नाही. तो नीट निजला तरच त्याच्या पहाऱ्याला उभा राहील. तुमचा पहारा रात्रीचा आहे. सकाळी घरी आल्यावर खोली अंधारी करा, दोन मिनिटं देवासमोर उभे राहा आणि स्वस्थ निजा. ते हसले. बरं वाटलं.

घोरण्याचंही सांगतो, कारण मंडपात त्यावर विनोद होतात. जो माणूस आठ तास झोपूनही दिवसभर पेंगतो, मोठ्यानं घोरतो आणि घोरता घोरता मध्येच श्वास अडकून दचकतो, त्याला आळशी म्हणू नका. तो आजार असू शकतो, त्यावर इलाज आहेत. डॉक्टरांना दाखवा.

यात्रेकरूंनो, हे तुमच्यासाठी. काकड्याला पोचायचं म्हणून दिवसभर काम करून रात्रभर गाडी हाकू नका. पहाटे दोन ते पाच या वेळात झोपेचा जोर फार असतो. त्या वेळी चाकावरच्या माणसाचा डोळा कधी लागतो, त्याचं त्यालाही कळत नाही. मागं पंधरा-वीस माणसं 'विठ्ठल विठ्ठल' करत निजलेली असतात. चालकाला दुपारी झोपू द्या, किंवा दुसरा चालक घ्या, किंवा वाटेत मुक्काम करा. पांडुरंग युगानुयुगं विटेवर उभा आहे. तुम्ही सकाळी दहाला पोचलात तरी तो तिथंच असतो.

शेवटी एक विनंती सप्ताह भरवणाऱ्या मंडळींना. तुमच्या पत्रिकेत लिहिलेलं असतं, काकडा पहाटे ४ ते ६, कीर्तन रात्री ९ ते ११. प्रत्यक्षात नऊला माइकची खरखर चालू असते, साडेनऊला सत्कार, शाल, श्रीफळ, मग पुढाऱ्यांची दोन शब्दांची दोन भाषणं, आणि दहाला माझ्या हाती कीर्तन येतं. संपतं बाराला. मग चारच्या काकड्याला कोण उठणार? गावचे सहा म्हातारे आणि माइकवाला. यंदा पत्रिका छापायला टाकण्याआधी एवढं करा. हरिपाठ पाचला घ्या, कीर्तन सातला उभं करा, नऊला आरती, साडेनऊला मांडव सामसूम. सत्कार करायचेच असतील तर काल्याच्या दिवशी, महाप्रसादाच्या पंगती बसल्यावर करा. माझा नारळ तेव्हा दिलात तरी चालेल.